पोलिश चर्चमधली कॉयरची मैफल : जाण्याआधीचे प्रश्न

शिकागो, मिलवॉकी, डेट्रॉइट, क्लीव्हलंड, बफेलो. पोलंडहून आलेल्या मजुरांनी शंभर-दीडशे वर्षांपूर्वी या शहरांत जी प्रचंड चर्चे उभारली, त्यांतल्या अनेकांत आज कॉयरच्या, म्हणजे समूहगायकांच्या, मैफली होतात. तिथे राहणाऱ्या वाचकांनी पाठवलेल्या प्रश्नांपैकी निवडक प्रश्न इथे घेतले आहेत.

प्रश्न : आम्ही ख्रिस्ती नाही. मैफलीला गेलेले चालते का? पादत्राणे बाहेर काढायची का? वेळेपूर्वी आत जाऊन चर्च बघता येते का?
— वाचक, नेपरव्हिल

खुशाल जा. मैफल सर्वांसाठी असते आणि दारात कुणी धर्म विचारत नाही. बूट पायातच ठेवायचे. टोपी मात्र पुरुषांनी आत शिरताना काढावी. कपडे साधे आणि अंगभर असावेत. साडी किंवा सलवार-कमीज उत्तम. सूट-टाय घातलेच पाहिजे असे काही नाही.

दाराजवळ पवित्र पाण्याचे भांडे असते. ते कॅथलिक लोकांसाठी, आपण तसेच पुढे जावे. बाकावर बसण्यापूर्वी काही जण उजवा गुडघा जमिनीला टेकवतात. वेदीजवळ लाल दिवा तेवत असेल, तर पवित्र साक्रामेंत (कॅथलिक जिला ख्रिस्ताचे शरीर मानतात ती आशीर्वादित भाकर) तिथे आहे आणि हा नमस्कार त्याला आहे. तुम्ही तसे करावे अशी कुणाची अपेक्षा नसते. मान किंचित लववलीत तरी छान, नाही लववलीत तरी कुणी वाईट वाटून घेत नाही.

दारे साधारण अर्धा तास आधी उघडतात. चर्च बघायचे असेल तर उघडल्या-उघडल्या आत शिरा. खिडक्यांच्या रंगीत काचा बाहेर उजेड असेपर्यंतच बोलतात. शिकागोत डिसेंबरात सूर्य साडेचारच्या आत मावळतो. तीनच्या मैफलीला काचा आधीच बघून घेतल्या नाहीत, तर संपल्यावर नुसता काळोख दिसेल. डेट्रॉइटच्या स्वीटेस्ट हार्ट ऑफ मेरी चर्चच्या काचांना १८९३च्या शिकागो विश्वप्रदर्शनात पारितोषिक मिळाले होते; तिथे तर ही काळजी घ्याच. वेदीसमोरच्या दोरीपलीकडे किंवा पायऱ्यांवर मात्र चढू नका, आणि ऑर्गनच्या (नळ्यांच्या मोठ्या वाद्याच्या) गॅलरीचा जिना उघडा दिसला म्हणून वर जाऊ नका.

प्रश्न : जाहिरातीत ‘प्रवेश विनामूल्य, ऐच्छिक देणगी’ असे आहे. दुसऱ्या चर्चमध्ये मात्र रीतसर तिकीट. असे का? किती द्यावे?
— वाचक, मिलवॉकी

व्हॅटिकनच्या उपासना विभागाने ५ नोव्हेंबर १९८७ रोजी चर्चमधल्या मैफलींबद्दल एक पत्रक काढले. प्रवेश विनामूल्य आणि सर्वांना खुला असावा, गायक-वादकांनी वेदीच्या चौथऱ्यावर जागा घेऊ नये, वेदी, धर्मगुरूंचे आसन आणि वाचनाचा मंच यांचा मान राखावा, पवित्र साक्रामेंत शक्यतो बाजूच्या चॅपेलमध्ये हलवावे, आणि खर्च, आवराआवर, नुकसानभरपाई यांची जबाबदारी आयोजकांनी लेखी घ्यावी, असे त्यात म्हटले आहे. तिकिटाऐवजी देणगीची पेटी दिसते ती या नियमाला धरून. अमेरिकेत प्रत्येक ठिकाणी ते अक्षरशः पाळले जाते असे नाही. चर्चची डागडुजी डोंगराएवढी असते, त्यामुळे तिकीटही लावतात.

जाहिरातीत सुचवलेली रक्कम असेल तर ती द्यावी. नसेल, तर त्याच शहरात तशाच मैफलीच्या तिकिटाला जेवढे पडतात तेवढे दिलेले योग्य. सुट्या नोटा जवळ ठेवा. टोपली बाकांमधून फिरते तेव्हा कार्ड चालत नाही. ‘ऐच्छिक’ आहे म्हणून एक डॉलर टाकून उठू नये. कॉयरचे गायक बहुधा हौशी असतात, पण ऑर्गनवादक, वाद्यवृंद आणि वाद्याची देखभाल यांना पैसे मोजावेच लागतात.

जाहिरात नीट वाचा, कारण काही वेळा ती मैफल नसतेच. शिकागोच्या सेंट जॉन कॅन्शियससारख्या चर्चमध्ये कॉयर मुख्यतः मिस्सामध्ये गाते. मिस्सा ही उपासना आहे. तिथे टाळ्या नाहीत, सगळे उभे राहतात तेव्हा आपणही राहावे, आणि कम्युनियनच्या, म्हणजे ती आशीर्वादित भाकर घेण्याच्या, रांगेत गैरकॅथलिकांनी जाऊ नये. जागेवर बसून राहिले की झाले.

प्रश्न : मागच्या वेळी लवकर जाऊन पहिल्या रांगेत बसलो. तरी शब्द कळले नाहीत आणि सगळा आवाज एका बाजूनेच आला. कुठे बसायला हवे होते?
— वाचक, शिकागो

पहिली रांग ही नाटकासाठी. अशा चर्चमध्ये ती जवळजवळ सर्वांत वाईट जागा असते. जागा निवडण्यापूर्वी स्वयंसेवकाला एकच गोष्ट विचारा: गायक पुढे वेदीच्या पायऱ्यांशी उभे राहणार, की मागच्या दरवाजावरच्या गॅलरीत?

पुढे उभे राहणार असतील, तर पाचव्या ते बाराव्या रांगेच्या आसपास, मधल्या वाटेला लागून बसा. चाळीस जणांचा कॉयर तीन-चार ओळींत उभा राहिला तरी आठ-दहा मीटर पसरतो. पहिल्या रांगेत तुमच्या समोर जे उभे असतील, समजा डावीकडचे सोप्रानो (सर्वांत उंच आवाज), तेच ऐकू येतात. पलीकडचे बास (सर्वांत खालचे आवाज) दूर राहतात आणि चार स्वरांचा मेळ कानापर्यंत पोचण्याआधीच सुटा होतो. तुमचे नेमके हेच झाले. चार-पाच रांगा मागे सरकलात की अंतरे सारखी होतात. फार मागे गेलात तर दुसरी अडचण. दगड, प्लास्टर आणि उंच छत यांवरून परतणारा आवाज थेट येणाऱ्या आवाजावर मात करतो आणि शब्द विरघळतात.

गायक मागच्या गॅलरीत असतील तर हिशेब उलटा. गॅलरीच्या खाली बसू नका. तिथे थेट आवाज डोक्यावरून निघून जातो, छत ठेंगणे असल्याने वरचा घुमारा पोचत नाही, आणि गाणे शेजारच्या खोलीत चालल्यासारखे वाटते. चर्चच्या मध्यापासून पुढे बसा आणि तोंड वेदीकडेच असू द्या. मागे वळून बघण्यासारखे काही नसते. गायकांची डोकी तेवढी दिसतात. पोलिश चर्चे मुळात अशाच गाण्यासाठी बांधली आहेत. ऑर्गनही तिथेच, गॅलरीत असतो. माझ्या मते या वास्तू खऱ्या अर्थाने ऐकायच्या असतील तर गॅलरीतून गायलेली मैफल निवडावी. दिसत काही नाही, पण आवाज वरून सगळीकडे सारखा उतरतो.

कधी कॉयर पुढे आणि ऑर्गन मागे असतो. दोघांत चाळीस मीटर अंतर असेल तर ध्वनीला ते कापायला सेकंदाचा आठवा-नववा हिस्सा लागतो. म्हणून ऑर्गनवादक कानांवर विसंबत नाही. समोरच्या आरशात किंवा कॅमेऱ्याच्या पडद्यावर संचालकाचा हात बघून वाजवतो. अशा वेळी तुम्ही ऑर्गनच्या जवळ बसलात तर कॉयर सतत मागे पडल्यासारखा वाटेल. चूक त्यांची नसते, जागेची असते.

खांबांमागच्या जागा टाळा, बाजूच्या ठेंगण्या दालनातल्याही टाळा. मिलवॉकीच्या सेंट जोसेफॅट बॅसिलिकासारखे घुमटाचे चर्च असेल तर घुमटाच्या अगदी मध्याखाली बसण्याऐवजी थोडे बाजूला बसा. वक्र छतावरून परतलेला आवाज एके ठिकाणी गोळा होण्याचा धोका तिथे असतो. शिकागोच्या सेंट स्टॅनिस्लॉस कोस्तका चर्चला खेटून केनेडी एक्स्प्रेसवे जातो. हळू सुरांच्या कार्यक्रमाला तिथे महामार्गाकडच्या भिंतीपासून दूर बसलेले बरे.

प्रश्न : कार्यक्रमपत्रिकेतल्या कोणत्या रचना अशा ठिकाणी चांगल्या वाटतात? आणि पोलिश नावे वाचायची कशी?
— वाचक, अॅन आर्बर

भरलेल्या चर्चमध्ये घुमारा तीन-चार सेकंद टिकतो, रिकाम्यात त्याहून जास्त. म्हणजे आधीचा स्वर विरतो न विरतो तोच पुढचे दोन-तीन स्वर येऊन त्यावर बसतात. स्वर लांब असतात, त्यामुळे टिकतात. व्यंजने क्षणभराची असतात, ती आधीच्या स्वराच्या शेपटाखाली बुडतात. शब्द कळत नाहीत ते यामुळे. तेव्हा भाषांतर पत्रिकेत छापले असेल तर ते सुरू होण्यापूर्वीच वाचून घ्या. गाणे चालू असताना पाने उलटली की शंभर कागदांची सळसळ त्याच घुमाऱ्यात मिसळते.

वेगवान, ताना असलेले बरोक संगीत इथे चिखल होते. संथ आणि स्वरांत मोकळी जागा सोडणारे संगीत खुलते. हेन्रिक मिकोवाय गुरेत्स्कीची ‘तोतुस तुउस’ ही त्याची नमुनेदार रचना. पोप जॉन पॉल दुसरे १९८७ साली पोलंडला तिसऱ्या यात्रेवर गेले, त्या निमित्ताने लिहिलेली, वाद्यांशिवाय गायची. सुरुवात ‘मारिया’ या हाकेने मोठ्याने होते आणि नंतर तेच थोडे शब्द अधिकाधिक हळू येत राहतात. शेवट ऐकायचा तर मागे भिंतीपर्यंत शांतता हवी. त्याहून जुने हवे असेल तर मिकोवाय गोमुव्काची स्तोत्रे बघा. यान कोखानोव्स्कीच्या पोलिश काव्यरूपांना त्याने चाली दिल्या, आणि त्या १५८०मध्ये छापल्या. चारही आवाज बहुधा एकत्र चालतात, म्हणून घुमाऱ्यातही शब्द त्यातल्या त्यात पोचतात. ‘गाउदे मातेर पोलोनिया’ हे संत स्टॅनिस्लॉसच्या स्तुतीचे तेराव्या शतकातले लॅटिन गीत. त्याला पोलिश मंडळी उभी राहतात. आपणही उभे राहावे. ‘बोझे, त्सोश पोल्स्के’ हे देशभक्तीचे प्रार्थनागीत सुरू झाले आणि शेजारचे उठले तरी तेच.

इथे एक गल्लत नेहमी होते. चर्चांच्या पाट्यांवर दोन स्टॅनिस्लॉस दिसतात. एक क्राकूफचे बिशप, १०७९मध्ये मारले गेलेले, वरचे गीत त्यांच्या स्तुतीचे. दुसरा स्टॅनिस्लॉस कोस्तका, येशूसंघात दाखल होऊन १५६८मध्ये सतराव्या वर्षी वारलेला तरुण. क्लीव्हलंडचे चर्च बिशपांच्या नावाचे, शिकागोचे कोस्तकाच्या.

उच्चारांसाठी मराठी वाचकाला एक फायदा आहे. रोमन लिपीतला नुसता ‘सी’ म्हणजे आपल्या ‘चांगला’मधला च, आणि ‘सी-झेड’ म्हणजे ‘चहा’मधला च. आडवी रेघ मारलेला ‘एल’ व-सारखा, ‘एस-झेड’ म्हणजे श, ‘जे’ म्हणजे य. एवढ्यावर पत्रिका निभते.

प्रश्न : नाताळ संपल्यावर जानेवारीच्या शेवटी नाताळगीतांची मैफल जाहीर झाली आहे. तारीख चुकली आहे का?
— वाचक, बफेलो

तारीख बरोबर आहे. पोलिश नाताळगीतांना कोलेंदी म्हणतात आणि ती परंपरेने २ फेब्रुवारीपर्यंत, मेणबत्त्या आशीर्वादित करण्याच्या सणापर्यंत, गायली जातात. अमेरिकी रेडिओवर २६ डिसेंबरला नाताळ गुंडाळला जातो, पोलिश चर्चमध्ये तेव्हा कुठे तो सुरू झालेला असतो. जानेवारीत गर्दीही कमी असते, तेव्हा पहिल्यांदा जाणाऱ्यांना हाच काळ सुचवेन.

कार्यक्रमाच्या शेवटी श्रोत्यांनाही गायला लावतात. ‘व्श्रुद नोत्सनेइ चिशी’ आणि ‘बुग श्ये रोजी’ ही दोन बहुधा असतात. दुसऱ्याची चाल पोलोनेझ या पोलिश नृत्याच्या तीन ठोक्यांच्या डौलदार चालीवर आहे. ‘लुलाइझे येझून्यू’ ही अंगाई लागली की कान द्या. शोपँने आपल्या बी मायनर स्केर्झोच्या मधल्या भागात हीच घेतली आहे. शब्द येत नसतील तर नुसते गुणगुणा.

याउलट लेंटच्या (ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळाच्या) रविवारी ‘गोश्क्ये झाले’ जाहीर झाले, तर ती मैफल नाही. १७०७ साली वॉर्सातून सुरू झालेली ही शोकगीतांची उपासना आहे. ऐकायला जरूर जा, पण मागच्या बाकावर बसा आणि टाळी वाजवू नका.

प्रश्न : आई-बाबांना घेऊन जायचे आहे. आईचे गुडघे दुखतात आणि फेब्रुवारी आहे. कशाची तयारी ठेवावी?
— वाचक, डेट्रॉइट परिसर

तीन गोष्टी: पायऱ्या, थंडी, स्वच्छतागृह.

समोरच्या दरवाजाला बहुतेक ठिकाणी उंच पायऱ्या असतात. रॅम्प किंवा लिफ्ट असेल तर ती बाजूच्या किंवा मागच्या दाराशी, आणि ते दार मैफलीच्या दिवशी उघडे असतेच असे नाही. आदल्या आठवड्यात पॅरिशच्या, म्हणजे त्या चर्चच्या स्थानिक धर्मसमुदायाच्या, कार्यालयाला फोन करून कोणते दार, किती वाजता उघडणार, हे विचारा. स्वच्छतागृह बहुधा तळघरातल्या हॉलमध्ये, म्हणजे पुन्हा जिना, आणि मध्यंतरात रांग. आधीच जाऊन येणे बरे.

थंडीचे गणित जरा वेगळे आहे. एवढे उंच दालन तापवायला कित्येक तास लागतात, गरम हवा छताशी जाऊन बसते, आणि हवा फेकणाऱ्या यंत्रांचा आवाज नको म्हणून ती कार्यक्रमापूर्वी बंद करतात. त्यामुळे मध्यंतरानंतर गारठा वाढत जातो. उंच खिडक्यांच्या काचांशी गार झालेली हवा जड होऊन खाली उतरते. म्हणून भिंतीलगतची जागा मधल्यापेक्षा थंड असते, रेडिएटर तिथेच असला तरी. कोट जवळच ठेवा, कोट टांगायची वेगळी सोय क्वचितच असते. बाक लाकडाचे, कडक, सरळ पाठीचे. पातळ उशी न्यायला हरकत नाही. पुढच्या बाकाच्या पायाशी घडीची फळी असते, ती गुडघे टेकण्यासाठी. तिला पाय लावून खाली पाडू नका, धाडकन आवाज होतो आणि तो तीन-चार सेकंद सगळ्यांना ऐकावा लागतो.

थंडीचा परिणाम सुरांवरही होतो. ऑर्गनच्या बासरीसारख्या नळ्यांचा सूर तापमान १ अंश सेल्सिअसने उतरले की साधारण ३ सेंटने (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग) उतरतो. १० अंशांचा फरक पडला तर तो अर्ध्या स्वराच्या जवळजवळ तिसऱ्या हिश्श्याइतका होतो. जिभेच्या नळ्या (ज्यांत धातूची पट्टी थरथरून आवाज होतो) मात्र जवळपास तिथेच राहतात, आणि दोन्ही एकत्र वाजल्या की कानाला खुपते. शेवटच्या जोरकस रचनेत ऑर्गन आंबट वाटला तर वादकाला दोष देऊ नका.

प्रश्न : टाळी नक्की कधी? आणि तान्हे मूल नेले तर?
— वाचक, क्लीव्हलंड

पत्रिकेत एका शीर्षकाखाली दोन-चार भाग छापलेले असतील, तर शेवटचा भाग संपेपर्यंत टाळी नाही. ‘शेवटीच टाळ्या वाजवाव्यात’ असे छापले असेल तर तेवढे पाळा. गाणे थांबले तरी संचालकाचे हात वरच असतील, तर चर्च अजून गातेच आहे. हात खाली आले की वाजवा. लेंटमध्ये येशूच्या दुःखसहनावरची रचना असेल तर कधी कधी टाळ्या अजिबात नसतात, सगळे मुकाट्याने बाहेर पडतात.

मूल न्यायला कुणी मनाई करत नाही, पण मांडीवरच्या मुलाचा एक हुंकार इथे सभागृहापेक्षा कितीतरी जास्त ऐकू येतो. बाजूच्या वाटेच्या टोकाला बसा, म्हणजे कुणाला न उठवता बाहेर जाता येईल. फोन कंपनावरही ठेवू नका. लाकडी बाकावर तो ढोलासारखा वाजतो. फ्लॅश कधीच नाही, आणि चित्रीकरण आयोजकांना विचारूनच.

प्रश्न : गरीब मजुरांनी एवढी राजेशाही चर्चे बांधली तरी कशी?
— वाचक, पुणे

पोलंडचे राज्य १७९५ ते १९१८ नकाशावर नव्हते. रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रियाने ते वाटून घेतले होते. इथे आलेल्यांना शाळा, पतपेढी, मंडळे, भाषा, सगळे पॅरिशभोवतीच उभे करावे लागले. पैसा कारखान्यांतल्या मजुरीतून, आठवड्याच्या वर्गणीतून आणि कर्जातून आला. शिकागोची सेंट स्टॅनिस्लॉस कोस्तका पॅरिश १८६७ची, तिचे आजचे चर्च १८८१मध्ये पुरे झाले.

मिलवॉकीच्या सेंट जोसेफॅटची कथा तर अस्सल काटकसरीची. शिकागोतली पोस्ट आणि कस्टमची सरकारी इमारत पाडली जात होती. फादर विल्हेल्म ग्रुट्झांनी तिचे दगड, खांब, लोखंड वगैरे २०,००० डॉलरला विकत घेतले आणि सुमारे ५०० मालडब्यांतून आणवले. वास्तुविशारद एर्हार्ड ब्रिलमायर यांनी आराखडा त्या मालाला जुळवून घेतला. चर्च १९०१मध्ये उभे राहिले, कर्ज मात्र पॅरिशच्या मानगुटीवर कित्येक वर्षे बसले. १९२९मध्ये त्याला बॅसिलिकाचा दर्जा मिळाला. मैफलीला गेलात तर दर्शनी दारासमोरचे खांब जवळून बघा. ते मुळात एका पोस्ट ऑफिसचे आहेत.

प्रश्न : कार्यक्रमानंतर तळघरात प्येरोगी (सारण भरलेल्या, उकडलेल्या करंज्या) विकतात. शाकाहारी माणसाने काय घ्यावे?
— वाचक, हॅमट्रॅम्क

‘रुस्क्ये’ म्हणजे बटाटा आणि ताज्या चीजचे सारण, ते घ्या. किंवा आंबवलेली कोबी आणि मशरूमचे. मात्र दोन गोष्टी विचारून घ्या. वरून परतलेला कांदा घालतात त्यात डुकराच्या चरबीचे तळलेले तुकडे, म्हणजे स्क्वार्की, असू शकतात. ‘नुसत्या लोण्यात द्या’ म्हटले की बहुधा तसे देतात. आणि पारीच्या पिठात अंडे असण्याची शक्यता असते. लेंटच्या शुक्रवारी कॅथलिक मांस खात नाहीत, तेव्हा त्या दिवशी टेबलावर मांस नसते. मासे मात्र असतात.